चालू शे का बंद शे?

किस्से ठरवून कोणी जमवत नाही, ते साठत जातात. आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात वायरीच्या तुकड्यांचा एक खोका आहे. प्रत्येक कामातून वीत-दीड वीत वायर उरते, ती कोणीतरी त्यात टाकतं. "फेकून द्या की" असं सगळेच म्हणतात, फेकत कोणीच नाही. किश्शांचंही तसंच झालंय. दुपारी चारच्या चहाला एक निघाला की त्याच्यात गुंतलेले आणखी चार वर येतात.

आधी माणसं सांगते, चारच आहेत. आमचं ऑफिस जळगावात, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुकान संजयभाऊंच्या घरचं. त्यांचे पणजोबा मारवाडातून इकडे आले आणि तेव्हापासून घरात सगळ्यांनी कापडच विकलं. संजयभाऊंनी तेवढं सॉफ्टवेअर काढलं. "संजय वर बसून नेमकं काय करतो," याचं उत्तर त्यांच्या घरात अजून कोणाला देता येत नाही. दुसरा मनोज, आमचा मुख्य प्रोग्रामर. तिसरे नाना, धुळ्याकडचे, साठी ओलांडलेले, इलेक्ट्रिक पॅनलची सगळी कामं त्यांच्याकडे. ऑफिसात आम्ही सगळे साधं मराठी बोलतो, नाना मात्र अहिराणीच बोलतात आणि समोरच्याला कळलंच पाहिजे असं धरून चालतात. चौथी मी, स्वाती. वरणगावहून रोज बसने येते.

शेतातली मोटर, गावच्या पाण्याचा व्हॉल्व्ह, केळी पिकवायच्या खोल्या, असलं काय काय मोबाइलवरून चालू-बंद करायची सोय आम्ही करून देतो. म्हणजे चालू असेल ते बंद करायचं आणि बंद असेल ते चालू करायचं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं मलाही सुरुवातीला वाटायचं.

* * *

नोकरीचा पहिला दिवस. मनोजने त्याचा कोड मला वाचायला दिला. मी वाचायला लागले आणि पाचव्या मिनिटाला घाम फुटला. सगळीकडे एकच नाव, फ्लॅग. मग फ्लॅग-वन, फ्लॅग-टू, फ्लॅग-न्यू आणि शेवटी फ्लॅग-न्यू-फायनल. आणि प्रत्येकाखाली तीच ओळ: फ्लॅग म्हणजे आता जो फ्लॅग आहे त्याच्या उलट.

मी भीतभीतच विचारलं, "मनोज, हा फ्लॅग-टू म्हणजे काय?"

"स्टेट आहे. उलटवायची."

"उलटवली की काय होतं?"

"चालू असेल तर बंद होतं, बंद असेल तर चालू."

"पण आत्ता काय आहे?"

"ते आधी काय होतं त्यावर आहे," मनोज म्हणाला. चेहरा इतका शांत की पुढे विचारायची माझी हिंमत होईना.

नाना शेजारी बसून पॅनलच्या दारावर स्टिकर चिकटवत होते. एका बटणाखाली 'मोटर', दुसऱ्याखाली 'पंखा', तिसऱ्याखाली 'दिवा'. त्यांनी मला विचारलं, "पोरी, फ्लॅग म्हंजे काय शे?"

मी सांगितलं, नाना, आठवणीत ठेवायची गोष्ट असते, हो किंवा नाही. तिला काहीतरी नाव द्यावं लागतं. मनोजने सगळ्यांना फ्लॅग असं नाव दिलंय.

नानांनी हातातल्या स्टिकरकडे पाहिलं, मग मनोजकडे.

"म्हंजे हाऊ दहा बटणंस्ना खाले 'बटण, बटण, बटण' असं लिखी ऱ्हायना."

मनोज हसला. मला हसू आलं नाही, कारण ती दहा बटणं आता मला दाबायची होती.

* * *

पहिलं बटण मी दाबलं ते सावद्यात. किशोरभाऊ म्हणून केळीचे व्यापारी आहेत. त्यांच्या केळी पिकवायच्या खोलीला आम्ही सॉफ्टवेअर दिलं होतं. पिकताना केळी स्वतःच तापतात, म्हणून खोलीत गारवा देणारं मशीन लागतं. ते वेळेवर चालू-बंद करणं हे आमचं काम.

त्या मशीनसाठी मनोजने कोडमध्ये ठेवलेलं नाव होतं 'बंद-नाही'. 'बंद-नाही' हे खरं असेल तर मशीन चालू. 'बंद-नाही' हे खोटं असेल तर मशीन बंद. मला एक छोटा बदल करायचा होता, मशीन बंद पडलं तर ते परत चालू करायचं. मी लिहिलं, 'बंद-नाही' असं नसेल तर. मग वाटलं, उलटं झालं. मग अजून एक 'नाही' घातला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'चालू' आलं. मी खुश होऊन बसने वरणगावला गेले.

तिसऱ्या दिवशी किशोरभाऊंचा फोन आला. आवाज एकदम गोड. "ताई, या ना एकदा सावद्याला. मनोजभाऊंनाही आणा."

आम्ही गेलो. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि दोघांच्या हातात एकेक केळ ठेवलं. म्हणाले, "खा."

वरून केळ चांगलं दिसत होतं, जरा हिरवट एवढंच. मी देठ मोडला आणि आतला गर सालीतून सरळ माझ्या ओढणीवर सांडला. आत शिरा झाला होता. मागे खोलीचं दार उघडं होतं. खालपासून छतापर्यंत क्रेट रचलेले आणि आतून भट्टीसारखी वाफ येत होती. तीन दिवस मशीन बंद होतं आणि तीन दिवस स्क्रीन त्यांना 'चालू' सांगत होती. एवढा सगळा माल आपण शिजवला होता. मनोज केळ हातात तसंच धरून उभा होता.

किशोरभाऊंनी ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त, झालं काय ते समजावून सांगा म्हटलं. मी सांगितलं. 'बंद नाही असं नाही' म्हणजे चालू, असं मला वाटलं होतं.

त्यांनी माझ्या ओढणीला पुसायला फडकं दिलं.

"ताई," ते म्हणाले, "बंद नाही असं नाही, हे आमच्याकडे फक्त लग्नाच्या बोलणीत बोलतात. मुलगी पसंत नाही असं नाही. तिथे कोणाला खरं सांगायचं नसतं. मशीनला कशाला असं बोलायचं?"

तो सगळा माल गुरांना गेला. नाना दुसऱ्या दिवशी सावद्याला गेले आणि मशीनच्या वायरीलाच थेट एक दिवा जोडून आले. मशीन चाललं तर दिवा लागतो. मध्ये कोड नाही, मनोज नाही आणि मीही नाही. किशोरभाऊ आजही स्क्रीन बघत नाहीत, दिवा बघतात.

* * *

धुळ्याच्या अण्णांचा किस्सा चहाला सगळ्यात जास्त वेळा निघतो. अण्णा स्वतः तो सांगतात, आमच्याहून रंगवून.

तिथल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळासाठी आम्ही सभासदांची यादी करून दिली होती. सचिवांची मागणी अशी की कोणी सभासद वारले तर बाकी सगळ्यांच्या मोबाइलवर शोकसंदेश आपोआप जावा. मनोजने यादीत प्रत्येक नावापुढे एक बटण दिलं. बटणावर लिहिलं, 'स्टेटस बदला'. कुठलं स्टेटस, ते मनोजला माहीत होतं.

मंडळाच्या मासिक सभेला अण्णा आले नाहीत. डोळे तपासायला गेले होते. सचिव काटेकोर गृहस्थ. त्यांना अण्णांची गैरहजेरी मांडायची होती. अण्णांच्या नावापुढे 'स्टेटस बदला' दिसलं, त्यांनी ते दाबलं.

सभेत बसलेल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. 'आपले ज्येष्ठ सभासद अण्णा यांचे दुःखद निधन झाले आहे.'

सगळे उठून उभे राहिले, सचिवांना खरं सांगायची सोयच उरली नाही. चूक दुरुस्त करायला त्यांनी परत तेच बटण दाबलं. अण्णा जिवंत झाले, पण जिवंत झाल्याचा मेसेज जायची सोय आम्ही ठेवलेली नव्हती. काही झालं की नाही हे न कळल्यामुळे त्यांनी पुन्हा दाबलं. मोबाइल पुन्हा वाजले. मग पुन्हा, आणि पुन्हा. अर्ध्या तासात अण्णा तीनदा वारले.

इकडे डोळ्यांच्या दवाखान्यात अण्णांच्या मोबाइलवरही मेसेज आला. डोळ्यांत औषध घातलेलं, अक्षरं पुसट दिसत होती. 'दुःखद निधन' तेवढं वाचता आलं. अण्णांनी रीतीप्रमाणे मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

आता सभेत बसलेल्या माणसांचा विचार करा. ज्याच्यासाठी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली, त्याचाच श्रद्धांजलीचा मेसेज आलाय. एक आजोबा मटकन खाली बसले. त्यांना खरोखरच डॉक्टरकडे न्यावं लागलं.

सगळ्यात वाईट झालं ते अण्णांच्या बहिणीचं. ती अमळनेरला असते. तिला कोणीतरी फोन केला. ती रडत रडत बसमध्ये बसली, रस्ताभर रडली, धुळ्यात उतरली, रिक्षातही रडली. घराशी आली तर अण्णा ओट्यावर बसून चहा पीत होते. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, सरळ चालत गेली आणि सत्तरी पार केलेल्या थोरल्या भावाच्या थोबाडीत एक ठेवून दिली. मग त्याच्या गळ्यात पडून इतकी रडली की शेजारच्यांना वाटलं, मेसेज खराच होता.

त्यानंतर मी त्या बटणाचं नाव बदलून 'निधनाची नोंद करा' असं केलं आणि दाबल्यावर 'नक्की?' असं विचारायची सोय ठेवली. आतला कोड मनोजने तसाच ठेवला. म्हणाला, "बटणाचं नाव बदललंस ना, मग आत काय फरक पडतो?"

* * *

काय फरक पडतो ते शिंदखेड्याजवळच्या एका गावात कळलं. गावच्या टाकीचा व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडायची सोय दिली होती, दोघांच्या मोबाइलवर. एक सरपंचबाई आणि दुसरा पाणी सोडणारा शिपाई. दोघांनाही एकच बटण. व्हॉल्व्ह बंद असेल तर उघडतो, उघडा असेल तर बंद होतो.

गावात एका घरी हळद होती. पाहुणे आलेले. सकाळी सहाला पाणी सुटायचं होतं. शिपायाने सहाच्या ठोक्याला बटण दाबलं, व्हॉल्व्ह उघडला. सरपंचबाईंनी विचार केला, आज कार्यघर आहे, शिपाई विसरला तर पंचाईत. त्यांनीही दाबलं, व्हॉल्व्ह बंद झाला. नळाला पाणी नाही म्हणून ओरड झाली तेव्हा शिपायाने परत दाबलं, आणि सरपंचबाईंनीही परत दाबलं. दोघंही जबाबदार माणसं, दोघंही आपापल्या घरून दर दहा मिनिटांनी गावासाठी बटण दाबत होती.

अकरा वाजता मी आणि नाना पोहोचलो तेव्हा नवरदेव अंगणात पाटावर बसलेला होता. नखशिखांत पिवळा. हळद सुकून तडे गेले होते, हसायला गेला तर गालावरून पोपडे पडत होते. आंघोळीला पाणी नाही. बाजूला सरपंचबाई आणि शिपाई एकमेकांना मोबाइल दाखवत होते, "हे बघा, मी दाबलंय." "मी पण दाबलंय, हे बघा." दोघांचंही खरं होतं. खोटं बोलणारं तिथे कोणी असेल तर ते मनोजचं बटण होतं.

नवरदेवाची आत्या रिकामा हंडा कमरेवर घेऊन सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "दोन्हीसनी मिळीसन गावनं भलं करं, म्हनीसन असं व्हयनं."

नानांनी व्हॉल्व्ह हाताने उघडला. परत आल्यावर संजयभाऊंनी मनोजला बोलावलं. त्यांना कोडमधलं काही कळत नाही, पण दुकानातलं सगळं कळतं. ते म्हणाले, "आमच्या दुकानाच्या दारावर पाटी आहे. एका बाजूला 'चालू आहे', दुसऱ्या बाजूला 'बंद आहे'. सकाळी आम्ही माणसाला 'पाटी उलटी कर' असं कधीच सांगत नाही. 'चालूची बाजू बाहेर कर' म्हणतो. मग दहा जणांनी ऐकलं तरी पाटी चालूचीच राहते. तू असं का नाही करत?"

मनोज म्हणाला, "भाऊ, जे एका ओळीत होतं त्याला दोन फंक्शन कशाला लिहायची? एक चालू करायचं, एक बंद करायचं. डबल कोड होतो."

"बरं," संजयभाऊ म्हणाले. त्या गावातल्या शिपायाचा मोबाइल यादीतून काढला आणि विषय मिटला. मी तिथेच होते. नंबर काढायचं बटण मीच दाबलं.

* * *

हा पुढचा किस्सा आम्ही चहाला सांगत नाही.

धुळ्याजवळ पंडितभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर मोबाइलचा मेसेज घेणारी आमची पेटी बसवली होती. मोटर विहिरीच्या आत, खाली एका दगडी ओट्यावर. वरती पॅनल. पंडितभाऊंनी मोबाइलवरून मेसेज पाठवला की मोटर उलटते, म्हणजे चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. मेसेजमध्ये शब्द एकच, 'बदल'.

मोटर आवाज करत होती म्हणून नाना ती बघायला गेले. पंडितभाऊ धुळ्याला बाजारात होते. नानांनी फोन करून सांगितलं, मोटर बंद करा, मी खाली उतरतोय. पंडितभाऊंनी 'बदल' पाठवला. मोटर थांबली. नाना दोरीला धरून पायऱ्यांनी खाली उतरले आणि मोटर आणि पंप जिथे जोडलेले असतात तिथे हात घालून बसले.

बाजारात पंडितभाऊंच्या मोबाइलची रेंज येत-जात होती. मोटर बंद झाल्याचा पेटीकडून येणारा मेसेज त्यांना मिळालाच नाही. त्यांना काळजी वाटली. नाना विहिरीत उतरलेत आणि आपला मेसेज पोहोचलाच नसेल तर? म्हणून त्यांनी, माणसाचा जीव आहे म्हणून, तोच मेसेज परत पाठवला.

नानांनी हे आम्हाला नंतर सांगितलं. विहिरीत एकदम शांत होतं. पारवे घुमत होते तेवढंच. आणि वर पॅनलमध्ये स्टार्टर ओढल्याचा आवाज आला, खट्. पन्नास वर्षं तो आवाज ऐकलेला माणूस. त्याचा अर्थ काय ते त्यांना कळलं, पण हात काढायला तेवढा वेळ नसतो.

मोटर फिरली नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास नाना ऑफिसात आले. मनोज आणि मी कसलीतरी टेस्ट करत होतो. नाना चपला न काढता आत आले, ही पहिलीच वेळ. त्यांनी शर्टच्या खिशात हात घातला आणि पांढऱ्या चिनी मातीचे तीन फ्यूज मनोजच्या कीबोर्डवर ठेवले. मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरींचे. विहिरीत उतरताना ते काढून खिशात टाकायची नानांची सवय. मोबाइल नव्हते तेव्हापासूनची.

मनोज म्हणाला, "नाना, हे काय?"

"हाऊ मना जीव शे," नाना म्हणाले. "आज खिसामा व्हता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर माठातलं पाणी घेतलं, प्यायले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. मी पहिल्यांदा तो हात नीट पाहिला. बोटांवर ऑइलचे काळे डाग होते. पाचही बोटं होती.

मनोज उठून बाहेर गॅलरीत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. खुर्चीत बसून त्याने सगळ्या कोडमध्ये 'उलटं कर' किती ठिकाणी आहे ते कॉम्प्युटरला शोधायला लावलं. यादी स्क्रीनवर वरून खाली सरकत राहिली, थांबेचना. इतक्या ठिकाणी आम्ही माणसांच्या हातात तीच ओळ दिली होती.

संजयभाऊ दारात उभे होते. मनोज त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, दोन फंक्शन लिहितो."

* * *

पुढचे काही आठवडे आम्ही नवीन कामच घेतलं नाही. मनोज नानांच्या मोटरसायकलवर मागे बसून गावोगाव फिरला आणि एकेक पेटी बदलून आला. आता मेसेज दोन, 'चालू कर' आणि 'बंद कर'. चालू असताना दहा वेळा 'चालू कर' पाठवलं तरी मोटर चालूच राहते. कोडमध्येही 'मोटर चालू आहे' असं अख्खं नाव. आणि नानांच्या सांगण्यावरून एक गोष्ट वाढवली. कोणीही मोटर चालू किंवा बंद केली की त्या घरातल्या यादीतल्या सगळ्या मोबाइलवर मेसेज जातो, कोणी काय केलं त्याचा. आकडे नाहीत, फ्लॅग नाही, पूर्ण वाक्य. 'पंडितभाऊ यांनी मोटर बंद केली.'

संजयभाऊंनी एक नियम काढला. कोड बाहेर जाण्याआधी मनोजने तो नानांना वाचून दाखवायचा. नानांना कळला तर जाईल.

पहिल्या दिवशी मनोजने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला नाना म्हणाले, "थांब. हाई परत वाच." परत वाचलं. "नही समजनं." मनोजने नाव बदललं, परत वाचलं. पुन्हा नाही समजलं. पाच-सहा वेळा असं झाल्यावर मनोज वैतागला. "नाना, तुम्हाला प्रोग्रामिंग येत नाही, त्याला मी काय करू?"

नाना म्हणाले, "माले येत नही, म्हनीसन तं तू वाची ऱ्हायना."

मनोजने मान खाली घातली आणि ती ओळ सातव्यांदा लिहिली. सातव्यांदा लिहिलेली ओळ मलाही पहिल्या वाचनात समजली.

* * *

मागच्या हिवाळ्यात शिंदखेडा तालुक्यातल्याच एका शेताबद्दल फोन आला. नारायणआबा नावाचे आमचे एक गिऱ्हाईक होते, त्यांचा मुलगा बोलत होता. तो नोकरीला बाहेरगावी असतो. शेतावर आई एकटीच. त्याचा आवाज जरा दबलेला होता.

"मॅडम, तुमच्या पेटीत काहीतरी बिघाड आहे. आमची मोटर कोण चालू करतंय ते बघा."

मी म्हटलं, तुम्हाला मेसेज येत असेल ना, त्यात नाव असतं.

"येतो," तो म्हणाला. "रोज सकाळी. 'नारायणआबा यांनी मोटर चालू केली.'"

"मग?"

"आबांना जाऊन चार महिने झाले."

 मी फोन स्पीकरवर टाकला. मनोज आणि नाना माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मनोजने नोंदी उघडल्या. खरंच होतं. रोज पहाटे पाचच्या आसपास, आबांच्या मोबाइलवरून, 'चालू कर'. एकही दिवस चुकलेला नाही. आणि सात वाजता अक्कांच्या, म्हणजे आईच्या मोबाइलवरून, 'बंद कर'. मनोज पुटपुटला, "आता ह्याच्यात कुठे चुकलो मी?" दोन फंक्शन, पूर्ण नावं, नानांनी दोनदा ऐकलेला कोड. 

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. शेत रस्त्यालगतच. अक्का घराबाहेर खाटेवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ठेंगणी, काटक बाई. आम्हाला बघून त्यांनी आधी पाणी आणलं, मग चहा टाकला.

नानांनी पॅनल उघडून तपासलं. सगळं ठीक. मनोजने पेटीला लॅपटॉप जोडला. तिथेही सगळं ठीक. शेवटी मीच अक्कांजवळ बसले आणि विचारलं, "अक्का, आबांचा मोबाइल कोणाकडे असतो?"

त्यांनी पदराखालून पिशवी काढली. पिशवीत दोन मोबाइल होते. एक त्यांचा आणि एक जुना, रबर लावलेला.

"मनाकडेच शे," त्या म्हणाल्या.

"मग सकाळची मोटर तुम्हीच चालू करता?"

"हां."

"पण तुमचा नंबर आहे ना यादीत. तुमच्याच मोबाइलवरून केलंत तरी चालतं. हा नंबर आम्ही यादीतून काढून टाकू का? म्हणजे तुमच्या मुलाला घोर लागणार नाही."

मनोजने लॅपटॉप मांडीवर घेतला होता. स्क्रीनवर त्याने नव्याने लिहिलेला प्रश्न आला होता, पूर्ण वाक्यात, कोणालाही पहिल्या वाचनात कळेल असा. 'नारायणआबा यांचे नाव कायमचे बंद करायचे?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

अक्कांनी दोन्ही मोबाइल मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. स्वतःच्या मोबाइलवर सकाळचा मेसेज उघडा होता, त्याची काच पदराने पुसली.

"मोटर मीच चालू करस, माय," त्या म्हणाल्या. "पन मेसेज तं त्यास्ना नावना येस ना."